गाण्याची जादू की गाण्याचे गारूड? 'घालणे' आणि 'लागणे' यांविषयी

प्रश्न :

पारंपरिक कथागीते गाणाऱ्या एका लोकगायिकेने आपल्या चाहत्यांशी केलेल्या पत्रव्यवहाराचा मी सध्या मराठी अनुवाद करीत आहे. पत्रे पाठवणारे बहुतेक जण एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारतात : तुमच्या गाण्यात जादू आहे, ती तुम्ही कशी करता? ती मात्र प्रत्येक वेळी हे श्रेय नाकारते आणि सांगते की, जे काही आहे ते गाण्याचे आहे, ते आपल्या आधीही होते आणि आपण केवळ त्याला वाट देतो. अडचण अशी की मुळात 'चार्म', 'स्पेल', 'एन्चांटमेंट' आणि 'ग्लॅमर' असे चार शब्द येतात आणि ती ते जाणीवपूर्वक वेगळे वापरते. पहिल्या खर्ड्यात मी चारही ठिकाणी 'जादू' लिहिले. पुन्हा वाचताना ती पत्रे एखाद्या साबणाच्या जाहिरातीसारखी वाटू लागली. गारूड, मोहिनी, भुरळ, भूल, भारणे हे शब्द मला ठाऊक आहेत, परंतु त्यांच्यात नेमका फरक कोणता आणि त्यांपैकी कोणत्या शब्दाचा गाण्याशी खरा संबंध आहे, हे जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर :

माझे मत 'गारूड' या शब्दाला आहे. गरुडाशी संबंधित ते गारुड, आणि गारुडी विद्या म्हणजे मूळात सापाचे विष उतरवण्याची मंत्रविद्या. ती जाणणारा तो गारुडी. पुढे साप खेळवणारा आणि हातचलाखी करणारा अशा दोघांनाही हेच नाव मिळाले, आणि विद्येचे नाव मनावर पडणाऱ्या प्रभावासाठी वापरले जाऊ लागले. म्हणजे जो शब्द आरंभी विष उतरवत होता, तो आज नशा चढवण्यासाठी वापरला जातो. गारुड्याच्या हातात पुंगी असल्यामुळे संगीताशी त्याचा संबंध आपोआप जुळतो. (सापाला बाह्यकर्ण नसतात आणि तो मुख्यतः पुंगीच्या हालचालीला प्रतिसाद देत डोलतो, हे खरे. भाषेला त्याची पर्वा नाही.)

एक खुलासा करून ठेवतो. गारूड आणि भारूड यांचे यमक जुळते म्हणून ते एका कुळातले ठरत नाहीत. भारूड या शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती सांगितल्या जातात आणि त्यांत एकमत नाही. तेव्हा त्या वाटेला न जाणे बरे.

दुसरे उत्तर :

गारूड चांगला शब्द आहे, पण मूळ चार शब्द काय सांगतात ते आधी पाहावे. 'एन्चांट' या शब्दामागे लॅटिन 'इन्कांतारे' आहे, म्हणजे एखाद्यावर गाणे, गाऊन मंत्र घालणे. 'चार्म'च्या मागे 'कार्मेन' आहे आणि लॅटिनमध्ये कार्मेन म्हणजे गीतही आणि मंत्रही. जुन्या नॉर्स भाषेत 'गाला' म्हणजे गाणे आणि त्यावरून झालेला 'गाल्द्र' म्हणजे मंत्र. 'नाइटिंगेल' या पक्ष्याच्या नावातला शेवटचा तुकडा याच कुळातला आहे. 'स्पेल' मात्र गाण्यातून आलेला नाही, त्याचा जुना अर्थ बोलणे किंवा कथन.

'ग्लॅमर'ची गोष्ट सर्वांत निराळी आहे. तो 'ग्रामर' या शब्दाचाच स्कॉटलंडमधील अवतार आहे. ज्याला व्याकरण येते त्याला विद्या येते, आणि ज्याला विद्या येते त्याला गूढविद्याही येत असणार, अशी ती अर्थाची वाटचाल. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध केलेल्या ३०५ कथागीतांच्या संग्रहात दोनशेव्या क्रमांकावर जिप्सींचे कथागीत आहे. त्यात ते सरदाराच्या दाराशी येऊन गोड गातात, गाणे ऐकून घरची मालकीण खाली उतरते, आणि तिचा चेहरा दिसताच ते तिच्यावर 'ग्लॅमर' टाकतात. क्रम लक्षात घ्यावा : गाणे तिला खाली आणते, ग्लॅमर त्यानंतर येते आणि ते डोळ्यांवर पडते. कथागीते गाणारी तुमची गायिका हा शब्द वेगळा ठेवते, त्याचे कारण बहुधा हेच असावे. त्यासाठी मराठीत 'नजरबंदी' हा नेमका शब्द आहे, आणि तो गाण्याला लावू नये.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे कार्मेनसारखे एकच नाम दोन्ही अर्थांचे नाही, असे वाटण्याचा संभव आहे. पण क्रियापद पाहा. आपण गाणे म्हणतो, आरती म्हणतो, पाढे म्हणतो आणि मंत्रही म्हणतो. 'गाणे म्हण' असे लहान मुलाला सांगताना कोणाच्या मनात मंत्र नसतो, तरीही भाषेने दोन्ही क्रिया एकाच तोंडी दिल्या आहेत.

तिसरे उत्तर :

वरील दोन्ही उत्तरांत नामांची छाननी झाली आहे. मला वाटते की प्रश्नाची किल्ली नामांत नाही. या नामांबरोबर कोणते क्रियापद आणि कोणता प्रत्यय येतो हे पाहिले, तर फरक आपोआप उघड होतो.

प्रथम प्रत्यय. 'तिच्या आवाजात जादू आहे' असे आपण म्हणतो, म्हणजे जादू आवाजाच्या आत राहते आणि पर्यायाने गाणारीच्या मालकीची असते. 'त्या गाण्याचे मनावर गारूड आहे' असे म्हणतो, म्हणजे गारूड ऐकणाऱ्याच्या मनावर, बाहेरून येऊन बसलेले असते. 'तिच्या आवाजात गारूड आहे' हे वाक्य कोणी लिहिणारच नाही असे नाही, परंतु ते कानाला किंचित खटकते. चाहते जेव्हा 'तुमच्यात' असे लिहितात आणि गायिका 'गाण्याचे, तुमच्यावर' असे उत्तर देते, तेव्हा सारा वाद 'त' आणि 'वर' यांच्यातला आहे.

आता क्रियापदे. मोहिनी घालतात, भुरळ घालतात, साद घालतात, फुंकर घालतात. गोंधळ आणि जागरण हे विधीही आपण 'करतो' त्याहून अधिक 'घालतो'. 'घालणे' या क्रियापदात कोणीतरी घालणारा असतो आणि ज्याच्यावर ते घातले जाते असा दुसरा असतो. फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यात, ज्याची विस्तारलेली आवृत्ती १८४९ साली आली, वृद्ध गायक वाइनामोइनेन आपल्या तरुण प्रतिस्पर्ध्याला केवळ गाऊन दलदलीत रुतवतो. तिथे 'गाणे' हे क्रियापद थेट माणसाला कर्म म्हणून घेते. मराठीत 'त्याला गायले' असे म्हणता येत नाही, म्हणून ते काम 'घालणे'कडे येते.

परंतु मराठीत याच्या अगदी उलट्या स्वभावाचे क्रियापद आहे, ते म्हणजे 'लागणे'. संगीतातून आलेले तीन शब्द पाहावेत : नाद, छंद आणि लय. नाद म्हणजे ध्वनी, आणि नाद लागणे म्हणजे एखाद्या गोष्टीपासून सुटका न होणे. छंद म्हणजे वृत्त, आणि छंद लागणे म्हणजे आवडीने जडलेली सवय. लय म्हणजे गती, आणि लय लागणे म्हणजे चित्त विरघळणे, कारण लय या शब्दाचा दुसरा अर्थच विलय आहे. तिन्ही ठिकाणी घालणारा कोणीच नाही. वेड लागते, दृष्ट लागते, भूत लागते, तसाच नाद लागतो. आणि गाणाऱ्याच्या बाबतीतही भाषा हेच म्हणते : आज सूर लागला, आज आवाज लागला नाही. गवई 'आज मी सूर लावला' असेही म्हणतो, पण मैफल खरोखर रंगल्यानंतर बाहेर पडताना तो तसे म्हणत नाही, तेव्हा सूर 'लागलेला' असतो. गाणारा आणि ऐकणारा या दोघांनाही बाहेरून काहीतरी लागते, हे मराठीचे या विषयावरील मत आहे असे मी समजतो, आणि तुमच्या गायिकेचे म्हणणे याहून वेगळे नाही.

छंद या शब्दाविषयी थोडे अधिक. त्याचे वृत्त आणि इच्छा हे दोन्ही अर्थ संस्कृतातच आहेत. 'स्वच्छंद' या शब्दात इच्छा हाच अर्थ आहे. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथात, मंत्र आणि छंद हे शब्द शेजारी ठेवून 'मन्त्रा मननात्, छन्दांसि छादनात्' अशी त्यांची फोड केली आहे : मनन केल्यामुळे मंत्र, आच्छादन केल्यामुळे छंद. आजचा भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करीलच असे नाही, पण झाकून टाकणारे, पांघरूण घालणारे ते छंद, ही कल्पना गाणे ऐकताना येणाऱ्या अनुभवाच्या फार जवळची आहे.

चौथे उत्तर :

तिसऱ्या उत्तराशी बऱ्याच अंशी सहमत आहे, मात्र एक आक्षेप नोंदवतो. 'गोंधळ घालणे' यातील 'घालणे' मोहिनीच्या 'घालणे'सारखे नाही. गोंधळ कोणावर घातला जात नाही, तो देवीचा घातला जातो. 'मांडव घालणे', 'रांगोळी घालणे' यांच्याशी त्याचे नाते अधिक आहे. जादूशी संबंध दाखवण्यासाठी ते उदाहरण वापरू नये.

दुसरे म्हणजे 'खिळवून ठेवणे' हा प्रयोग सर्वांच्या नजरेतून सुटला. तंत्रग्रंथांत शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी सहा कर्मे सांगितली आहेत. 'श्रोत्यांना खिळवून ठेवले' हे स्तंभनाचेच, म्हणजे जागच्या जागी थिजवण्याचेच, वर्णन आहे, आणि मंत्राच्या संदर्भात 'कीलक' हा शब्दही येतो, जो आपल्या खिळ्याचा पूर्वज आहे. आजचे 'खिळवून ठेवणे' थेट तिथूनच आले असे मी म्हणणार नाही, पण चित्र तेच आहे. जाता जाता : महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या लांबलचक नावात अघोरी प्रथांचे 'समूळ उच्चाटन' करण्याची भाषा आहे. जादूटोण्याचा नायनाट करण्यासाठीही मराठीला जादूटोण्यातलाच शब्द हाताशी सापडला.

तिसरे उत्तर देणाऱ्याकडून :

गोंधळाविषयीचा आक्षेप मान्य आहे. ते उदाहरण मी मागे घेतो. साद, भुरळ आणि मोहिनी राहू द्यावेत.

'भारणे' या शब्दाकडे मात्र कोणी वळले नाही, आणि माझ्या मते तुमच्या पत्रांसाठी तोच सर्वांत उपयोगी आहे. पाणी भारतात, ताईत भारतात, अंगारा भारतात. मंत्र म्हणून झाला तरी त्याचा परिणाम वस्तूत साठून राहतो आणि ती वस्तू पुढे दुसऱ्याच्या हाती देता येते. गारूड उतरते, नजरबंदी सुटते, भूल ओसरते आणि माणूस भानावर येतो. भारलेले पाणी मात्र म्हणणारा निघून गेल्यावरही भारलेलेच राहते. पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेलेल्या लोकगीताला 'भारलेले गाणे' म्हटले, तर ज्यांनी ते भारले ते सर्व जण त्यात राहतात आणि आजची गायिका ते केवळ पुढे देणारी ठरते. 'भारावून जाणे' हा प्रयोग मात्र अनुवादात जपून वापरावा, कारण निरोपसमारंभातील भाषणांनी तो पार थकवून टाकला आहे. शिवाय त्यात भार म्हणजे ओझे की भारणे म्हणजे मंत्रणे, याचा उलगडा वाचकाला होत नाही, आणि बोलणाऱ्यालाही झालेला असतो असे दिसत नाही.

प्रश्नकर्ता :

सर्वांचा आभारी आहे. 'ग्लॅमर'साठी नजरबंदी आणि 'एन्चांटमेंट'साठी गारूड निश्चित केले आहे. 'चार्म' जिथे गीत-मंत्र अशा जोडअर्थाने येतो तिथे नाम टाळून 'भारलेले' हे विशेषण वापरीन. 'स्पेल'साठी साधा 'मंत्र' पुरेसा वाटतो. चाहत्यांच्या तोंडी 'जादू' तशीच ठेवतो. ते लोक तोच शब्द वापरणार, आणि गायिकेच्या उत्तरात तो बदललेला दिसला म्हणजे तिचे नाकारणे वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

एकच शंका उरते. एका पत्रात ती काहीशा चिडून लिहिते की आपण चेटकीण नाही. तिथे 'मी जादूगार नाही' असे लिहिले तर फार सौम्य होते.

दुसरे उत्तर देणाऱ्याकडून :

तिथे 'चेटकीण'च ठेवावे. जादूगार हा शब्द आता रंगमंचावरच्या खेळांमुळे निरुपद्रवी झाला आहे, चेटकिणीवरचा आरोप अजून बोचतो. आणि 'जादू' हा शब्दही वाटतो तितका परका नाही. तो फारसीतून आला हे खरे, परंतु त्याचे मूळ इराणी रूप 'यातु' असे असून तेच रूप वेदांतही आहे. यातु म्हणजे अभिचार, दुसऱ्याचे वाईट करण्यासाठी केलेला मंत्रप्रयोग, आणि तो करणारा तो यातुधान. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०४ व्या सूक्तात, जे परंपरेने वसिष्ठांचे मानले जाते, सूक्त रचणारा स्वतःच असा आरोप झटकताना दिसतो : 'अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि', मी यातुधान असेन तर आजच मरो. तुमच्या गायिकेचे ते चिडलेले वाक्य असेच लहान आणि थेट ठेवता आले तर पाहावे.