मदत हवी आहे: जुन्या मोहिमेतल्या जादुई वस्तू पाचव्या आवृत्तीत कशा बसवायच्या?

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावचे पाच जण (चार खेळाडू आणि मी डीएम, म्हणजे खेळ चालवायचं काम माझं) दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीवरची मोहीम आता २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आणतोय. पात्रं नवव्या लेव्हलची. मंत्र आणि राक्षस जमले, गाडी अडलीय जादूच्या वस्तूंवर.

आमच्या योद्ध्याची तलवार +४ ची, म्हणजे वार लागण्याच्या आणि इजेच्या फाशात ४ जादा. सातपुड्यातल्या पडक्या गढीत ती मिळवायला आमचे तीन रविवार गेले. नव्या डीएम गाइडमध्ये शस्त्र +३ वर थांबतं. शिवाय जुन्या नियमांत काही राक्षसांना ठरावीक प्लसच्या खाली इजाच होत नसे, आता शस्त्र जादूचं असलं की पुरतं. म्हणजे +४ चा मानच गेला.

दुसरं, अट्यूनमेंट, म्हणजे काही वस्तूंची जादू चालायला पात्राने त्यांच्याशी जोडून घ्यावं लागतं. एका वेळी अशा तीनच वस्तू. योद्ध्याकडे ओगर पॉवरचे हातमोजे, प्रोटेक्शनची अंगठी, डिस्प्लेसमेंटचा झगा आणि स्पीडचे बूट. चारही अट्यूनमेंटवाल्या. हातमोज्यांनी मिळणारी १८/०० ताकद (जुन्या मोजणीत १८ ची सर्वांत वरची पायरी) नव्या नियमात १९ झाली, ते त्याने कागद फाटेस्तोवर खोडून लिहिलंय.

एक रविवार मर्यादा काढून खेळलो. त्याला कुणी हातच लावू शकेना, बाकीचे तिघे नुसते बसून राहिले. वस्तू चोरीला गेल्या असं दाखवायचं नाही, ती कमाई त्यांची आहे. २०२४ ची सुधारित नियमांची पुस्तकंही आमच्याकडे नाहीत.

तलवार +२ करून तिला भुताखेतांविरुद्ध जादा १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) इजेला दिला तर नवव्या लेव्हलला तोल राहील का? आणि चौथी वस्तू अट्यूनमेंटशिवाय चालवायची तर कोणती, आणि तिचं काय कमी करायचं?