स्टेनलेस म्हणजे जास्त मजबूत नव्हे

गाडीच्या इंजिन माउंटिंगचे (इंजिन जागेवर धरून ठेवणाऱ्या आधाराचे) गंजके बोल्ट काढून स्टेनलेसचे टाका, ते जास्त मजबूत, असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया तसं करू नका. आधी जुन्या बोल्टचं डोकं तारेच्या ब्रशने घासून त्यावरचा मजबुतीचा आकडा (ग्रेड) वाचा. ८.८ असेल तर तुटायची ताकद ८०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ चे हेच आकडे १००० आणि ९००. सर्रास मिळणारा स्टेनलेस ए२-७० मात्र ७०० आणि ४५० चा. गंजणार नाही, पण आधी लांबेल आणि पकड सैल होईल. नंबर प्लेटला खुशाल लावा.

आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघाच! एम१० (१० मिमी जाडीचा बोल्ट) दुकानात बहुधा १.५ मिमी पिचचा देतात, गाड्यांत १.२५ चा पुष्कळ असतो. चुकीचा बोल्ट एक-दोन आटे हाताने जातो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केलात की इंजिनच्या ब्लॉकमधले आटे गेले. पुण्यात बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात जाताना जुना बोल्ट सोबत न्या, नव्याचे आटे त्याच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर परत करा. डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट माउंटिंगला घेऊ नका, कितीही स्वस्त असो.