सुपरवायझर व्हायची इच्छाच होत नाही, म्हणजे मी आळशी का?

सातपूरकर: नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (प्रोग्रॅम दिला की धातू आपोआप कापणारं मशीन) ११ वर्षं झाली. सुपरवायझरची जागा रिकामी झाली, साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "बघतो." महिना झाला, अजून बघतोच आहे. बायको म्हणते, तुला भूकच नाही. पण मागे एका जॉबच्या सायकल टाइममधून, म्हणजे एक भाग बनायला लागणाऱ्या वेळातून, १२ सेकंद काढले, त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही. रविवारी भाऊ मिसळ खायला ओढतो, मी मात्र वहीत टूलपाथ, म्हणजे मशीनचं हत्यार कसं फिरेल ते, काढत बसतो. महत्त्वाकांक्षा मोजायची तरी कशी?

गोदाकाठ: मॅक्लेलँड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कामामागच्या तीन ओढी मांडल्यात: काहीतरी साधण्याची, माणसं जोडण्याची, इतरांवर प्रभाव टाकण्याची. तुमची पहिली दणदणीत दिसतेय. पण सुपरवायझरला तिसरी लागते. १२ सेकंद दुसऱ्याकडून कमी करवून घेताना मजा येईल का, ते बघा.

रिटायर्ड फोरमन: कुणी सांगितलं नसताना सहा महिन्यांत काय काय केलंत, ते लिहून काढा. बाकी सगळं बोलणं. मी खुर्ची घेतली आणि पुढं हजेरीच्या वह्याच भरल्या.

द्राक्षवाला: पगार किती वाढणार ते आधी सांगा राव!

सातपूरकर: साडेचार हजार. वर तिन्ही पाळ्यांची कटकट. गोदाकाठ, तुमचं वाक्य डोक्यात बसलं. आज साहेबांना विचारलं, प्रोग्रॅमिंग माझ्याकडेच राहील का?

ते म्हणाले, "बघतो."