पाच जणींच्या भाड्याला एकटी आत्या जामीन?

आत्याबाई:
इंग्लंडमधल्या जुन्याजाणत्यांना विचारतेय. भाची, म्हणजे भावाची मुलगी, लीड्सला एमएस्सीला येतेय. ती आणि चौघी मिळून घर घेतायत. महिना २,६०० पौंड, डोई ५२०. एजंटला इथला पगारदार गॅरंटर हवा. इथं तिचं माणूस म्हणजे मीच. वहिनीचा फोन आला, "वन्सं, नुसती सहीच तर करायचीय."

काल भांडी आवरून पीडीएफ उघडली. सातव्या पानावर माझं नाव आधीच टंकून ठेवलंय, तेही आडनाव चुकवून. खाली 'जॉइंट अँड सेव्हरल', म्हणजे एकीनं भरलं नाही तर सगळं भाडं दुसऱ्या कुणाकडूनही वसूल करता येतं. नवरा म्हणाला, नीट वाच, यात भाचीचं नावच नाही. 'द टेनंट' म्हणजे पाचही जणी! चौघींना मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, एकीचं तर फक्त इन्स्टावरचं नाव ठाऊक. भाचीचे ५२० वेळ पडली तर वर्षभर भरीन हो. पण या चौघींचे? आणि नाही म्हटलं तर दादाला काय वाटेल, ते निराळंच. कुणी केलीय का अशी सही?

खडूस_काका:
केलीय, मामेभावाच्या मुलासाठी. चौघांचं घर होतं. जानेवारीत एक जण कोर्स सोडून मायदेशी गेला आणि फेब्रुवारीत पत्र मला! आमचा पोरगा वेळेवर भरतोय म्हटलं, तर एजंट म्हणतो, "भाडं घराचं आहे, खोलीचं नाही." गेलेल्याचा बाप सातासमुद्रापार, मी इथं आयता सापडलेलो. तीन महिन्यांचा हिस्सा माझ्या खिशातून गेला. मामेभाऊ अजून म्हणतो, "देतो रे."

कलमकसाई:
सही करा, पण कागद बदलून घेऊन. हमी फक्त भाचीच्या हिश्श्यापुरती, दरमहा ५२० पौंडांपर्यंत, अमुक तारखेपर्यंत, असं त्यात लिहून घ्या. तारखेवर अडून बसा. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये नव्या भाडेकायद्यानं अशा खासगी घरांचे ठरावीक मुदतीचे करार बंद झाले. भाडेकरूंनी नोटीस देईपर्यंत करार चालूच राहतो, आणि तारीख नसेल तर तुमची हमीही त्याच्या मागे फरफटत जाऊ शकते.

त्याच कायद्यानं एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं मागायची सोय गेली. आधी परदेशातली पोरं सहा महिन्यांचं एकदम भरून गॅरंटरशिवाय सुटायची. ती वाट बुजली, म्हणून वहिनींचा फोन तुम्हाला.

मोडतोडीचं कलमही बघा. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, म्हणजे या घराला ३,००० पौंड. त्यावरचं नुकसान गॅरंटरकडे येऊ शकतं. आणि एजंट फोनवर "हो हो, तिच्यापुरतंच" म्हणाला तर विरघळू नका. दुसऱ्याच्या देण्याची हमी लेखीच हवी, हे इथं १६७७ पासून कायद्यात आहे. त्याला लेखी लागतं, तर तुम्हालाही सूट लेखीच हवी.

पोहेवाली:
भाचीला विद्यापीठात विचारायला सांगा. काही विद्यापीठं अटी घालून स्वतःच गॅरंटर राहतात.

आत्याबाई:
एजंटला मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं: बाकीच्या चौघींनी आपापला गॅरंटर आणला तर हिश्श्यापुरतं करू. तिघींचं जमलंय. इन्स्टावालीसाठी विद्यापीठात अर्ज टाकलाय.

वहिनीला ते कलम मराठीत वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे उद्या ती इन्स्टावाली पळाली तर तुम्ही भरायचे?" दादाला तिनंच सांगितलं, मला तोंड उघडावं लागलं नाही.

नवा कागद आज आला. ५२० आहेत, तारीखही आहे. आडनाव मात्र अजून चुकलेलंच. परत पाठवलाय.