मदत हवी आहे: बॅटरीवरचं ट्रॅक्शन इंजिन दर फेऱ्याला एकदा अडकतंय

मंडळी नमस्कार,

लहानपणी ज्यांनी वाफेचा रोड रोलर पाहिलाय त्यांना मी काय करतोय ते लगेच कळेल. ट्रॅक्शन इंजिन हा त्याच घराण्यातला. आडवा बॉयलर, त्याच्या पाठीवर सिलिंडर, बाजूला फ्लायव्हील आणि मागे माणसाच्या उंचीची दोन लोखंडी चाकं. मळणीयंत्र ओढत शेतावर न्यायचं, तिथे पोचलं की फ्लायव्हीलवर पट्टा चढवून तेच यंत्र चालवायचं. रोचेस्टरचे ॲव्हलिंग अँड पोर्टर, लीड्सचे फाउलर, थेटफर्डचे बरेल हे इंग्लंडातले त्याचे नावाजलेले कारखानदार.

मी त्याचं १:१२ मॉडेल करतोय, म्हणजे फुटाला इंच. नाशिकच्या सिडकोतल्या फ्लॅटची मागची गॅलरी हा माझा कारखाना: छोटा लेथ, बेंच ड्रिल, व्हाइस. तिथे बॉयलर पेटवायला घरातून परवानगी मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही छाती झाली नाही. म्हणून वाफेऐवजी मोटर.

आतापर्यंत झालेलं काम: मागची चाकं सहा इंची पाइपाच्या रिंगा कापून केली, बाहेरून १६८ मिमी. बॉयलर अडीच इंची पाइपाचा. फ्लायव्हील जुन्या शिलाई मशीनच्या हातचाकाचं, फक्त भोक मोठं केलं. चिमणीचा तांब्याचा गळा तांबट लेनमध्ये ठोकून घेतला. त्या काकांनी पत्रा लालभडक करून पाण्यात बुडवला, मऊ केला आणि वीस मिनिटांत असा वळवला की माझे तीन रविवार फुकट गेले असं वाटलं. स्टिअरिंगची साखळी आणि वर्म (स्क्रूसारखा गिअर) नीट चालतात, तो विषय नाही.

बॅटरीचं थोडं सांगतो, कारण कुणीतरी विचारणारच. आधी १२ व्होल्ट ७ एएचची यूपीएसची बॅटरी आणून ठेवली होती. ती १५१ बाय ६५ बाय ९४ मिमी. बॉयलर आतून जेमतेम ६९. आणायच्या आधी मोजायला हवं होतं, हे मला बायकोनेही सांगून झालंय. आता बॉयलरच्या पोटात १८६५० चे (लिथियमचे) सहा सेल आहेत, तीन सिरीजमध्ये अशा दोन ओळी, सोबत बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट). फायरबॉक्सच्या जागी १२ व्होल्टची २०० आरपीएम जॉन्सन गिअर मोटर, तिथून दातेरी बेल्टने क्रँकला एकास एक.

वेगाचा हिशोब असा. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने या इंजिनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा होती, पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालायचा. (द्वारका चौकात संध्याकाळी आपण आजही तेवढंच चालतो, निशाण तेवढं नसतं.) ४ मैलांच्या बाराव्या हिश्श्याने माझं चाक मिनिटाला सतराच्या आसपास फिरायला हवं. म्हणून २० ला ६० आणि पुन्हा २० ला ८० दात, मोड्यूल (दाताचं माप) १, एकूण १२ ला १. क्रँक २०० ने फिरला की चाक १७ ला जवळपास बरोबर बसतं.

आता दुखणं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा इंजिन कचकन अडतं. अँपिअर मीटर ०.८ वरून २.३ वर जातो, कधी बेल्ट दात सोडतो. आधी पिस्टनवर संशय होता, म्हणून कनेक्टिंग रॉड काढून चालवलं. फरक शून्य. मग चाकावर खडूची खूण केली. दर वेळी खूण घड्याळातल्या चारच्या जागी आली की अडतं. म्हणजे भानगड ॲक्सलवरच्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ८० दाती गिअरमध्ये. पण त्याला डायल (फिरताना किती हलतं ते मोजणारा काटा) लावला तर बाहेरून ०.०५ मिमीच दाखवतो! भोक मीच लेथच्या तीन जॉच्या चकात (तीन जबड्यांच्या पकडीत) पाडलंय, दात सातपूरच्या एका जॉबवाल्याकडून कापून आणलेत.

सेंटर, म्हणजे दोन गिअरच्या मध्यांमधलं अंतर, ०.२ ने लांब करून पाहिलं. अडणं गेलं, पण उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात एवढा प्ले (दातांमधली ढील) की रिव्हर्स घेताना खडाक वाजतं आणि उतारावर इंजिन मोटरच्या पुढे पळतं. नवीन गिअर करायचा की याचंच काही होईल?

दुसरं, दोन्ही चाकं ॲक्सलला पक्की आहेत, त्यामुळे वळताना सरळच घसटत जातं. एवढ्याशा जागेत डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) बसवलंय का कुणी?

जुना_फिटर: दादा, डायल दातांच्या टोकांवर लावलात, तिथेच फसलात. टोकं म्हणजे ब्लँकचा (दात कापायच्या आधीच्या चकतीचा) बाहेरचा व्यास. दात कापताना ब्लँक मँड्रेलवर (तो धरायच्या दांडीवर) बाजूला बसला असेल तर टोकं गोल राहतात आणि दात एका अंगाला खोल जातात. तुम्ही भोक टोकांवरून सेंटर केलं, दातांवरून नाही. १.७५ च्या ड्रिलची दांडी दोन दातांच्या खाचेत ठेवा, डायल तिच्यावर टेकवा, दर आठ दातांनी वाचा. खरं काय ते कळेल.

गिअर टाकू नका. चार जॉच्या चकात (त्यात प्रत्येक जबडा वेगळा सरकतो) धरा, दांडीवर डायल लावून सेंटर काढा, भोक १६ करा, पितळी बुश (भोकात बसणारा नळीसारखा तुकडा) लॉकटाईट (पक्कं धरणारा गोंद) लावून बसवा आणि चकातून *न काढता* बुशला १० चं भोक पाडा. काढलंत की पहिले पाढे पंचावन्न.

डिफरन्शियलच्या नादी लागू नका. ज्या जुन्या इंजिनांत ते नसायचं त्यांत चाक ड्राइव्हला पिनेने अडकवलेलं असायचं आणि अवघड वळणावर एका बाजूची पिन काढून घ्यायचे. तुम्हीही तेच करा. एक चाक मोकळं.

सिडकोवासी: रोज रात्री वरून कट्ट कट्ट ऐकू येतं ते हेच का? 🙂

धागाकर्ता: जुना_फिटर, साष्टांग नमस्कार. दांडी ठेवून वाचलं: ३२ व्या दाताला सगळ्यात वर, ७२ व्याला सगळ्यात खाली, फरक ०.३५. रविवारी मित्राच्या शॉपमध्ये चार जॉ मिळाला, सांगितल्याप्रमाणे बुश टाकला. सेंटर पुन्हा ५० वर आणलं. आता मीटर ०.८ ते ०.९ च्या बाहेर जात नाही, बेल्टही शांत आहे.

डावं चाक मोकळं करून पिन घातलीय, ३ मिमीची, डोक्याला पितळी गोळा. पिन काढली की गॅलरीत वळतंय, फक्त डावीकडे वळताना थोडं जास्त. उजवं एकटंच ढकलतं म्हणून, त्यात काही गैर नाही.

सिडकोवासी, तुम्ही आमच्या खालचे तर नाही ना? आवाज आता गेलाय. सेल चार्जला लावलेत, फोटो उद्या.