मदत हवी आहे: घाताचा २ वर जात नाहीये, पेपर उद्या द्यायचाय

खडू_फळा: नववीचा बीजगणिताचा पेपर टाइप झालाय. (अ + ब)२ = अ२ + २अब + ब२ यातले घाताचे २ वर, बारीक हवेत. कंट्रोल+शिफ्ट+= दाबून काही होत नाही. सकाळी झेरॉक्सला द्यायचाय, लवकर सांगा.

टंकमित्र: ते वर्डचं झालं. तुम्ही कशात टाइप करताय? मोबाइलवर आहात का?

अनुस्वार: एवढा खटाटोप कशाला? चौसेमी, घसेमी असं लिहावं. पाठ्यपुस्तकांत तसंच असतं.

खडू_फळा: अहो, एककं नाहीत, विस्तारसूत्रं आहेत! शाळेच्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस आहे.

टंकमित्र: मग रायटरमध्ये २ सिलेक्ट करून कंट्रोल+शिफ्ट+पी. खाली न्यायचा असेल तर पी ऐवजी बी.

नेटकरी: युनिकोडमध्ये वरचा २ तयार मिळतो. कॉपी-पेस्ट करा, कुठेही पाठवला तरी वरच राहतो.

टंकमित्र: तो इंग्रजी २. बाकी पेपर देवनागरी आकड्यांत आहे, ते वाईट दिसेल. देवनागरीत घातांकाचे तयार आकडे नाहीत.

पाठांतर: सामवेदासाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडात आहेत की!

टंकमित्र: ते स्वरांच्या खुणांसाठी. घात म्हणून चालणार नाहीत.

पाठांतर: कुठल्या फाँटमध्ये नीट दिसतात? बरेच दिवस शोधतोय.

गणिताची_ताई: इन्सर्ट, ऑब्जेक्ट, फॉर्म्युला शिकून घ्या. पुढे वर्गमूळ, अपूर्णांक आले की काय कराल?

टंकमित्र: ताई, एका रात्रीत अख्खा पेपर फॉर्म्युलात? नुसत्या वर्गासाठी गरज नाही.

खडू_फळा: पी चालला, पण पुढचं सगळं वरच टाइप होतंय. आणि २ इतका बारीक की झेरॉक्सवर दिसणार नाही. शिवाय एकेक किती करू?

टंकमित्र: वर टाइप होत असेल तर तीच बटणं परत दाबा, अक्षरं खाली येतील. राहिलेले एकदम करा. कंट्रोल+एच, खाली रेग्युलर एक्स्प्रेशनवर टिक, शोधायच्या जागी (?<=[)अब])२ आणि फाइंड ऑल. कंस, अ किंवा ब यांना चिकटलेलेच २ सिलेक्ट होतात. २अब मधला सुटतो, कारण त्याच्या आधी स्पेस आहे. खिडकी बंद करा, मध्ये कुठे क्लिक करू नका. मग फॉरमॅट, कॅरेक्टर, पोझिशन. तिथे सुपरस्क्रिप्ट निवडा आणि आकार ५८ टक्के असतो तो ७० करा.

खडू_फळा: सगळे वर गेले, वाचताही येतायत! चौथ्या प्रश्नात अ३, ब३ आहेत, त्यांचं?

टंकमित्र: शेवटच्या २ च्या जागी ३ टाकून परत तेच.