ध्यान म्हणजे नक्की करायचं काय? डोळे मिटले की मन बागेत पळतंय

आंबेवाली, रत्नागिरी
नमस्कार मंडळी. आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. यंदा मोहर चांगला धरला होता आणि नेमका अवकाळी पाऊस आला, तेव्हापासून रात्री अडीचला जी जाग येते ती येतेच, मग फवारणीचे पैसे, खताची उधारी, पेट्यांचा हिशेब असं सगळं डोक्यात सुरू होतं ते कोंबडा आरवेपर्यंत. बीपी पण वाढलंय. डॉक्टरांनी गोळी दिली आणि म्हणाले रोज वीस मिनिटं ध्यानाला बसा. मी ओटीवर बसते, डोळे मिटते, आणि पाच मिनिटांत बागेत पोचलेली असते. मोबाईलवर अ‍ॅप घेतलंय त्यातली बाई म्हणते मन रिकामं करा, ते काय होत नाही. सासूबाई म्हणतात मी माळ ओढते तेच ध्यान, नवरा म्हणतो हल्लीची फॅडं. मला खरंच समजून घ्यायचंय, हे आहे काय, आलं कुठून आणि याने फरक पडतो का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

निवृत्त मास्तर, गुहागर
ताई, फॅड अजिबात नाही. ध्यान हा शब्द ध्यै धातूवरून आलाय, म्हणजे चिंतन करणे. पतंजलींच्या योगसूत्रात योगाची आठ अंगं सांगितलीत त्यात ध्यान सातवं, त्याच्या आधी सहावी धारणा. चित्त एका जागी बांधायचं ही धारणा, आणि तिथे ते एकसारखं वाहत राहिलं की ध्यान. जुने लोक तेलाच्या धारेची उपमा देतात पण तुम्ही पावसाळ्यात तुमच्या ओटीवरूनच बघा, पाऊस ओसरला की कौलावरून थेंब थेंब गळतं ती धारणा, आणि भर पावसात पागोळीची न तुटणारी धार लागते ते ध्यान. आपण सगळे बहुतेक वेळ थेंबातच असतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता आलं कुठून. बौद्धांनी हाच शब्द पालीत झान केला, तो चीनमध्ये जाऊन चान झाला आणि जपानात झेन. आपल्याकडे तर दापोलीजवळ पन्हाळेकाजीला कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत, आधी बौद्धांची, नंतर नाथपंथीयांची खूण तिथे दिसते. एकदा जाऊन त्या अंधाऱ्या खोल्यांत नुसतं बसून या, मी गेलो होतो तेव्हा बाहेरच्या पाण्याचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं. आणि पावस तर तुमच्या हाकेवर. तिथले स्वामी स्वरूपानंद (१९०३ ते १९७४) नाथपरंपरेतलेच, त्यांची सोहं साधना श्वासावरच आहे, श्वास आत जाताना सो, बाहेर येताना हं.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही हो. मणी पुढे सरकतोय आणि मन पण नामावर आहे तर माळ म्हणजे धारणेचा खुंटाच. मन चुलीवरच्या दुधात असेल तर नुसती मोजणी. ते त्यांचं त्यांनाच कळणार, आपण बोलायचं नाही.

आणि मन पळतं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो की मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण आहे. कृष्ण त्याला खोटं पाडत नाही, आधी कबूल करतो की होय, यात शंकाच नाही, आणि मग म्हणतो अभ्यासाने आणि वैराग्याने ते हाती येतं.

दर्यावर्दी, हर्णै
मन रिकामं करा हे ऐकूनच माणसं सोडून देतात. मी पण सोडलं होतं. होडी किनाऱ्याला लागली की आम्ही फाटलेली जाळी सांधायला बसतो, तासन् तास, गाठ मारायची पुढे जायचं. मध्येच डिझेलचे पैसे आठवतात, हात चालू राहतो आणि गाठ ढिली पडते, मग ती सोडून परत मारायची. बाबा कधी ओरडले नाहीत, नुसतं बोट ठेवून दाखवायचे, इथे. मी श्वासावर लक्ष तसंच ठेवतो. एक ते दहा श्वास मोजतो, हरवलो की परत एकपासून. चार वर्षं झाली, दहापर्यंत सलग क्वचित जातो. पण हरवलोय हे पूर्वी अर्ध्या तासाने कळायचं ते आता लवकर कळतं, आणि घरात पोरांवर आवाज चढायच्या आधी पण कळतं. माझ्यासाठी हाच फायदा. ताई तुम्ही बागेत गेलात हे तुम्हाला कळलं ना, मग बसणं फुकट नाही गेलं. वीस मिनिटं नको, पाचच बसा पण रोज बसा.

वॉर्डातली, चिपळूण
मी नर्स आहे म्हणून आधी हे सांगते, बीपीची गोळी बंद करू नका, बरं वाटायला लागलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

फायद्याचं म्हणाल तर १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी ध्यानाचा कोर्स सुरू केला, तिथून हॉस्पिटलांत हे शिरलं. २०१४ मध्ये ४७ चाचण्या एकत्र करून तपासल्या होत्या, ३,५१५ माणसं होती, त्यात चिंता, नैराश्य आणि दुखणं यावर थोडा ते मध्यम फरक दिसला. झोपेसाठी मात्र पुरेसा पुरावा मिळाला नाही, आणि औषधापेक्षा किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असंही दिसलं नाही. म्हणून अपेक्षा बेताची ठेवा. तुमची झोप काळजीने मोडतेय तर काळजी हलकी झाली की झोपेला मदत होईल असं मला वाटतं, पण ध्यानाने झोप येतेच असं मी कोणाला सांगणार नाही. उधारीचं पण कोणाशी तरी बसून बोला, ते डोळे मिटून फिटत नाही.

माडाखाली, वेंगुर्ला
नर्सताईंच्या बोलण्यात एक भर घालतो. मी दहा दिवसांच्या विपश्यनेला गेलो होतो. गोएंका गुरुजी म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये ती भारतात घेऊन आले. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा, आधी तीनेक दिवस फक्त श्वास बघायचा. पद्धत चांगली आहे, मी आजही करतो. पण तेव्हा माझ्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या आणि मी फॉर्मवर ते लपवलं. सहाव्या दिवशी इतकं काही वर आलं की रात्रभर रडलो, घरी आल्यावर महिनाभर डॉक्टरकडे फेऱ्या. चूक माझी होती. मन आधीच दुखरं असेल तर एकदम दहा दिवसांची उडी नको, डॉक्टरांशी आणि शिकवणाऱ्यांशी मोकळं बोलून मगच जा.

आमची आजी म्हणायची, मन म्हंजे वासरू, दाव्याक बांधलां काय हिसडे मारतलांच. नंतर वाचनात आलं की जुन्या बौद्ध ग्रंथांत पण खुंट्याला बांधलेल्या वासराचीच उपमा आहे. हिसडे देऊन देऊन ते शेवटी खुंट्याशीच बसतं.

आंबेवाली, रत्नागिरी
सगळ्यांचे मनापासून आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना. अ‍ॅप काढून टाकलं. आज पहाटे सासूबाईंच्या शेजारीच बसले, त्यांची माळ, माझे श्वास. चारपर्यंत गेले आणि बाग आली, परत एक. असं बऱ्याच वेळा झालं पण चिडचिड नाही झाली. एकच विचारायचंय, डोळे मिटले की मला काळोखात तो मोहर गळलेलाच दिसतो, डोळे उघडे ठेवून चालतं का?

निवृत्त मास्तर, गुहागर
चालतं की. झेनमध्ये तर डोळे अर्धे उघडेच ठेवतात, नजर खाली, समोर हातभर अंतरावर सोडून द्यायची. ओटीची जमीन बघा, कशावर रोखायची गरज नाही. आणि सासूबाईंच्या शेजारीच बसत जा.